बऱ्हाणपूरचे आकाश आणि सर्पिल दीर्घिकांचा शोध

एखाद्या संस्थेची शंभर वर्षे मोजताना तिच्या जन्मकाळी माणसाला जगाविषयी काय ठाऊक होते, याचाही हिशेब मांडावासा वाटतो. आपल्या ग्रंथालयाची शताब्दी साजरी होत असताना आणखी एका घटनेलाही नुकतीच शंभर वर्षे झाली आहेत. १ जानेवारी १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे भरलेल्या सभेत एडविन हबल या अमेरिकन ज्योतिर्विदाचा निबंध, त्याच्या अनुपस्थितीत, वाचला गेला. देवयानी तारकासमूहातील अंधुक तेजोमेघ आपल्या आकाशगंगेत नसून तिच्या फार बाहेर आहे, ती स्वतःच ताऱ्यांची एक स्वतंत्र नगरी आहे, असे त्यात सिद्ध केले होते. त्यापूर्वी छापल्या गेलेल्या खगोलविषयक ग्रंथांत आकाशगंगा आणि विश्व हे शब्द बहुधा एकाच अर्थाने येत. म्हणजे आपले ग्रंथालय आणि ‘दीर्घिका’ ही कल्पना यांचे वय जवळपास सारखेच म्हणावयास हरकत नाही.

बऱ्हाणपूरच्या वाचकास या विषयाशी आपला काय संबंध, असा प्रश्न पडेल. संबंध आहे, आणि तो दगडात कोरलेला आहे. फारुकी घराण्यातील राजा अली खान ऊर्फ आदिलशाह याने बांधलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबरच एक संस्कृत शिलालेखही आहे. मशिदीत संस्कृत लेख, ही गोष्ट आपल्या गावाच्या स्वभावाबद्दल पुष्कळ सांगून जाते. पण येथे त्यातील कालनिर्देशाकडे लक्ष वेधावयाचे आहे. संवत् १६४६, शके १५११, पौष शुद्ध दशमी सरून लागलेली एकादशी, सोमवार, कृत्तिका सरून रोहिणी, आणि रात्रीच्या अकरा घटी गेल्यावर कन्या लग्न. जुन्या ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे ही ५ जानेवारी १५९० ची रात्र होते. गणित करून पाहिले तर सूर्य मकरेच्या आरंभी, चंद्र रोहिणीकडे सरकलेला आणि पूर्वेस कन्या उगवती, हे सारे परस्परांशी चोख जुळते. लेख सिद्ध करणाऱ्या पंडिताचे पंचांग पक्के होते.

त्याच घटकेला, आज आपण ज्याला देवयानी दीर्घिका म्हणतो तो पुंजका वायव्येकडे, क्षितिजापासून सुमारे वीस अंशांवर उतरणीस लागलेला होता. एकादशीच्या चांदण्यात तो डोळ्यांस दिसला असण्याचा संभव कमीच. पण काळोखी रात्र असती तरी त्याची नोंद झाली असती असे वाटत नाही. आपल्या पंचांगपरंपरेला आकाश हवे होते ते काळ मोजण्यासाठी. जो पदार्थ चालत नाही, ज्यास ग्रहण लागत नाही, ज्याच्या उदयास्तावर कोणतेही व्रत वा मुहूर्त अवलंबून नाही, त्याच्याशी ज्योतिष्याला कर्तव्य नव्हते. इस्फहानच्या अल-सूफीने इ.स. ९६४ च्या सुमारास आपल्या तारकाग्रंथात या ‘लहान ढगा’ची नोंद केली, कारण त्याला ताऱ्यांची यादी करावयाची होती. हेतू निराळा असला की त्याच आकाशात निराळी वस्तू दिसते.

हा ढग कशाचा बनला आहे, हा प्रश्न पुढे सुमारे नऊशे वर्षे अनिर्णीत राहिला. १८४५ च्या वसंतात आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांनी आपल्या बहात्तर इंची प्रचंड दुर्बिणीतून सप्तर्षींतील मरीचीच्या जवळचा एक तेजोमेघ पाहिला आणि त्यात त्यांना भोवऱ्यासारखे वळण आढळले. मेसिए ५१ या क्रमांकाने ओळखली जाणारी ही पहिली ज्ञात सर्पिल दीर्घिका होय. रॉस यांनी तिचे चित्र हाताने काढले. मात्र चित्र काढणाऱ्याचा हात आणि त्याची समजूत यांना वेगळे करता येत नाही. दुसऱ्या निरीक्षकास तीच वळणे दिसत नसत, आणि वाद मिटविण्यास साक्षीदार नसे.

तो साक्षीदार छायाचित्राच्या काचेने पुरविला. डोळ्याची एक मर्यादा आहे. तो क्षणाक्षणाचा प्रकाश पाहतो आणि सोडून देतो. तासभर टक लावून पाहिले तरी अंधुक वस्तू अधिक उजळ होत नाही. रुप्याच्या क्षारांचा लेप दिलेल्या काचेवर मात्र पडलेला प्रत्येक किरण आपली खूण ठेवतो आणि खुणा साठत जातात. अट एकच. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे सरकतात. म्हणून दुर्बीणही घड्याळाच्या यंत्राने त्याच गतीने सरकली पाहिजे, आणि यंत्राची चूक सुधारण्यासाठी एका मार्गदर्शक ताऱ्यावर माणसाने तासन् तास नजर रोखून बसले पाहिजे. थंडीत, अंधारात, हलण्याची मुभा नसलेले हे काम आहे. बांधकामाच्या धंद्यात पैसा मिळविलेल्या आयझॅक रॉबर्ट्स नावाच्या गृहस्थांनी ते पत्करले. लिव्हरपूलजवळ वीस इंची आरशाच्या दुर्बिणीने त्यांनी १८८८ च्या अखेरीस देवयानीतील तेजोमेघाची छायाचित्रे घेतली. ज्याला आजवर लंबगोल ढग समजत होते त्याची वलये आणि त्यांमधील काळे पट्टे काचेवर स्पष्ट उमटले.

मौज अशी की, रॉबर्ट्स यांना आपण काय टिपले हे कळले नाही. त्यांच्या मते ती जन्म घेत असलेली एक सूर्यमाला होती. काच खरे बोलत होती, वाचणारा चुकत होता. आणि त्यास दोष देता येत नाही, कारण अंतर ठाऊक नसल्यावर लहान जवळची वस्तू व मोठी दूरची वस्तू यांत भेद करणार कसा?

रॉबर्ट्स यांची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात तयार झाली होती. त्याच कारखान्याची परावर्ती दुर्बीण त्याच १८८८ साली पुण्यास उभी राहिली, आणि तीही इतिहासात ‘वीस इंची’ म्हणूनच ओळखली जाते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी व मुंबई सरकारने घातलेली भर यांतून सायन्स कॉलेजच्या आवारात ही वेधशाळा निघाली. तिचे प्रमुख प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. १८५७ साली जन्मलेल्या या पारशी विद्वानाचे नाव आज पुण्यातही फारसे कोणास ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट होय. हिंदुस्थानात त्या काळी त्यांच्या दुर्बिणीएवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती, आणि पुढेही कित्येक दशके झाली नाही.

नायगमवालांनी हाती घेतलेला प्रश्न तेजोमेघांचाच होता. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला, तेव्हा इंद्रधनुष्यासारखा अखंड पट्टा न दिसता मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. याचा अर्थ तो मेघ ताऱ्यांचा नसून विरळ वायूचा होता. देवयानीतील मेघाचा वर्णपट मात्र अखंड होता. मृगातील मोठा तेजोमेघ वायुरूप ठरला. पण त्याच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा कोणत्या द्रव्याची, यावरून इंग्लंडात कडाक्याचा वाद माजला. नॉर्मन लॉकयर यांचे म्हणणे, ती मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची उरलेली कड आहे. तसे असेल तर ती एका बाजूस धूसर, झालरीसारखी दिसावयास हवी. पुण्यात वर्णपट पुष्कळ फाकवून नायगमवालांनी ती रेषा पुन्हा पुन्हा तपासली. प्रत्येक वेळी ती दोन्ही बाजूंनी सारखी रेखीव होती, आणि तसे त्यांनी १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले. वेधशाळा उभारताना ज्यांचा सल्ला त्यांनी घेतला होता त्यांत लॉकयर हेही होते. आपल्या हितचिंतकाचे मत खोडणारा पुरावा, जसा दिसला तसा, त्यांनी मांडला. ती रेषा विद्युतभारित ऑक्सिजनची होय, हा उलगडा होण्यास १९२७ साल उजाडावे लागले.

त्याच दशकात शंकर बाळकृष्ण दीक्षित हे आपल्या खानदेशात, धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात शिक्षक होते. ‘ज्योतिर्विलास’ लिहून रात्रीचे आकाश त्यांनी मराठी वाचकाच्या अंगणात आणले. आणि त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा थोर ग्रंथ १८९६ साली निघाला. एकाच मुंबई इलाख्यात एकीकडे पंचांगपरंपरेचा इतका साक्षेपी इतिहास लिहिला जात होता आणि दुसरीकडे मृगाच्या मेघाचा वर्णपट मोजला जात होता. या दोन प्रवाहांचा संगम झाला असता तर मराठीतील ज्योतिःशास्त्राचे रूप काही वेगळे दिसले असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दीक्षित १८९८ मध्ये, ऐन पंचेचाळिशीत वारले.

त्याच वर्षी २२ जानेवारीस खग्रास सूर्यग्रहण झाले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या माळावर नायगमवालांनी आपला तळ ठोकला. शेजारीच कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेची मंडळी विल्यम कँपबेल यांच्या नेतृत्वाखाली चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आली होती. ग्रहण दोन्ही तळांना सारखेच दिसले. पुढे मात्र दोन वाटा झाल्या. लिक वेधशाळेत त्याच साली जेम्स कीलर यांनी छत्तीस इंची क्रॉस्ली दुर्बिणीने तेजोमेघांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला आणि दोन वर्षांत असा अंदाज बांधला की, त्या दुर्बिणीच्या आवाक्यात किमान एक लाख वीस हजार तेजोमेघ असावेत व त्यांपैकी बहुतेक सर्पिल आहेत. कीलर १९०० मध्ये अकाली गेले. त्यांच्या जागी जेऊरहून परतलेले कँपबेल आले आणि काम चालू राहिले. पुण्यात नायगमवालांच्या जागी येणारे कोणीच नव्हते.

सर्पिल मेघांची छायाचित्रे पुण्यात का घेतली गेली नाहीत, याची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. वेधशाळा एका प्राध्यापकावर चाले, आणि त्यास दिवसा वर्ग घ्यावे लागत. पावसाळ्याचे चार महिने आकाश बंद. आरशावरील रुप्याचा मुलामा दमट हवेत काळवंडतो, तो पुन्हा पुन्हा चढवावा लागतो. परंतु याहून मोठे कारण सरकारी धोरणाचे होते. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर सूर्यावरील डाग आणि पाऊस यांचा संबंध लावता येईल अशी आशा निर्माण झाली होती. पैसा सूर्याच्या अभ्यासास मिळाला, आणि १८९९ साली दक्षिणेत कोडईकनाल येथे सौर वेधशाळा सुरू झाली. ज्या देशात लाखो माणसे अन्नावाचून मेली तेथे पावसाचा अंदाज आधी हवा, यास कोण नाही म्हणेल? मात्र त्या न्यायाने पुण्याची वेधशाळा बंद करणे ओघानेच येत नव्हते. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही मिटली. दुर्बीण व इतर साहित्य कोडईकनालला रवाना झाले. तेथे ती पुन्हा उभी राहण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. नायगमवाला १९३८ पर्यंत हयात होते.

१९१२ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी अमेरिकेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानीच्या मेघाचा वर्णपट तासन् तास काचेवर साठवून त्याची गती मोजली. तो सेकंदास सुमारे तीनशे किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे असे आढळले. त्याच वर्षी हेन्रिएटा लेव्हिट यांनी एका जातीच्या रूपविकारी ताऱ्यांचा नियम प्रसिद्ध केला. तारा जितका हळू उजळतो-मंदावतो, तितका तो मुळात अधिक तेजस्वी असतो. मूळ तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. रॉबर्ट्सना जी पट्टी मिळाली नव्हती ती ही. पुण्याची दुर्बीण पेट्यांत भरली जात असताना कुलुपाची किल्ली घडत होती.

दख्खनमध्ये आकाशाची छायाचित्रे अजिबात निघाली नाहीत असे मात्र नव्हे. मराठवाडा ज्या संस्थानात होता त्या हैदराबादेत, १९०१ मध्ये नबाब जफरजंग यांनी स्थापिलेल्या निजामिया वेधशाळेने संपूर्ण आकाशाच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण-योजनेतील दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा पुरा केला आणि नंतर उत्तरेचा ३६ ते ३९ अंशांचाही. हे काम ताऱ्यांची स्थाने मोजण्याचे होते. देवयानीचा मेघ ४१ अंशांवर आहे, म्हणजे त्या पट्ट्याच्या जरासा बाहेर!

किल्ली वापरली ती हबल यांनी. १९२३ च्या ऑक्टोबरात माउंट विल्सनवरील शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या एका काचेवर त्यांना देवयानीच्या मेघात लेव्हिटच्या जातीचा एक रूपविकारी तारा सापडला. त्यावरून आलेले अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे होते. आजच्या मोजणीने ते सुमारे पंचवीस लाख भरते. परंतु नऊ लाख हा आकडाही आकाशगंगेच्या कोणत्याही कुंपणाबाहेरचा होता. तीन वर्षांपूर्वी, १९२० मध्ये, शॅपली आणि कर्टिस या दोघा ज्योतिर्विदांनी याच प्रश्नावर जाहीर वाद केला होता आणि निकाल लागला नव्हता. तो एका काचेने लावला.

‘गॅलक्सी’ला मराठीत ‘दीर्घिका’ हा शब्द रूढ झाला आहे. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे किंवा वाव. ज्या गावाने सातपुड्याचे पाणी जमिनीखालून कुंड्याकुंड्यांनी आणून कुंडी भंडाऱ्यात साठविले, तेथील वाचकास हा शब्द परका वाटू नये. देवयानीचे तळे प्रकाशाचे आहे, एवढाच भेद.

स्वातंत्र्यानंतरचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. तमिळनाडूतील कावलूर येथे १९८६ मध्ये २.३४ मीटरची दुर्बीण सुरू झाली. १९८८ साली पुण्यास जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था स्थापन झाली, आणि तिची दोन मीटरची दुर्बीण २००६ मध्ये पुणे-नाशिक रस्त्याच्या बाजूस गिरवली येथे उभी राहिली. नायगमवालांची वेधशाळा मिटल्यावर चौऱ्याण्णव वर्षांनी पुण्याच्या परिसरात पुन्हा मोठा आरसा आकाशाकडे वळला. मराठीतून या विषयावर सातत्याने लिहिणारे नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. ग्रंथालयांच्या कपाटांतून त्यांनी किती मुलांना आकाशाकडे नेले याची गणती होणे कठीण.

त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी एक सर्पिल दीर्घिका प्रकाशात आणली. ती त्यांना जेम्स वेब या अवकाश-दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांत सापडली. तिच्या अलीकडे असलेल्या एका दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तिचा प्रकाश वाढविला होता. विश्वाचे वय दीड अब्ज वर्षे असतानाची ही दीर्घिका आहे. तिचा प्रकाश बारा अब्ज वर्षांहून अधिक काळ वाटेत होता. इतक्या लहान वयाच्या विश्वात दीर्घिका वेड्यावाकड्या, विस्कटलेल्या असाव्यात अशी समजूत होती. हिला मात्र दोन रेखीव, समतोल भुजा आहेत, पसारा सुमारे तीस हजार प्रकाशवर्षांचा आहे, आणि आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट वेगाने तीत तारे जन्मत होते. एवढी सुबक घडी इतक्या लवकर कशी बसली, हे अद्याप समाधानकारकपणे कोणी सांगितलेले नाही. आकाशगंगेचे नाव मंदाकिनी, म्हणून तिची बहीण शोभेल असे अलकनंदा हे नाव संशोधकांनी तिला दिले.

इतक्या दूरच्या दीर्घिकेसाठी अवकाशात दुर्बीण न्यावी लागते. जवळच्या दीर्घिकांसाठी बऱ्हाणपूर पुरेसे आहे. गावातील दिव्यांचा व यंत्रमागांच्या वस्तीचा उजेड मागे टाकून असीरगडाच्या बाजूस सातपुड्यात शिरले, की कृष्णपक्षात आकाश अजूनही चांगले काळे मिळते. पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास पूर्वा व उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्यावर असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातील ताऱ्यापासून ईशान्येकडे दोन तारे मोजावे आणि तेथून वायव्येस वळावे. नुसत्या डोळ्यांना दिसणारा तो धूसर ठिपका म्हणजे देवयानी दीर्घिका. आपल्या अक्षांशावरून ती उत्तरेस सत्तर अंश उंचीवर मध्यान्हवृत्त ओलांडते. जवळजवळ त्याच वेळी दक्षिणेस, त्रेचाळीस अंशांवर, शिल्पकार तारकासमूहातील एन.जी.सी. २५३ ही कॅरोलिन हर्शेल यांनी १७८३ मध्ये शोधलेली सर्पिल दीर्घिका असते. लहान दुर्बिणीतूनही ती लांबट दिसते. मे महिन्याच्या मध्यास रात्री दहाला असाच दुसरा जोड जमतो. उत्तरेस मरीचीजवळची लॉर्ड रॉस यांची मेसिए ५१, चौसष्ट अंशांवर. आणि दक्षिणेस वासुकीतील मेसिए ८३, एकोणचाळीस अंशांवर. रॉस यांच्या आयर्लंडमधून ही मेसिए ८३ क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येते, आणि त्यांच्या बहात्तर इंची आरशासही तेथील क्षितिजाचे धुके भेदणे अवघड होते. या बाबतीत त्या उमरावापेक्षा बऱ्हाणपूरकरांचा भाग्ययोग बरा म्हणावयाचा. वैशाखातील धूळ तेवढी आड येते. म्हणून एप्रिलमधील मध्यरात्र अधिक सोयीची.

छायाचित्र घेण्यास आता काच लागत नाही. पृथ्वीच्या गतीने फिरणारी घोडी, साधा डिजिटल कॅमेरा आणि लांब पल्ल्याचे भिंग एवढ्यावर देवयानीच्या वलयांतील काळे पट्टे टिपता येतात. रॉबर्ट्स यांनी एकाच काचेवर तासन् तास साठविलेला प्रकाश आज मिनिट-दोन मिनिटांच्या साठ-सत्तर चित्रांत घेऊन संगणकावर एकत्र मिळवितात. एखादे चित्र वाऱ्याने हलले वा विमानाच्या दिव्याने बिघडले, तर तेवढेच काढून टाकावे; बाकीची रात्र वाया जात नाही.